पाचमरणे डॉक्टर

माझे वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पष्टे भेटायला आला. चपला काढल्या, भिंतीला टेकून बसला. अशा वेळी लोक "वय झालं होतं" किंवा "सुटले बिचारे" असं काहीतरी पुटपुटतात. पष्टेने घसा खाकरला आणि माझ्या आईला म्हणाला, "आई, पंचवीस कोटी वर्षांमागं समुद्रातल्या शंभर जातींतल्या नव्वद मेल्या. त्यापुढं आपलं दुःख ते केवढं, सांगा."

आईने डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला. त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग त्यांचं दहावं कोणी घातलं?"

पष्टेने विचार केला. अगदी खरा विचार केला. मग म्हणाला, "कोनी नाय घातलं. तेच तर वाईट हाय."

आईला ते पटलं असावं. शेजारणीने आणलेल्या किटलीतला चहा तिने त्याला आग्रहाने द्यायला लावला. वडिलांच्या मरणानंतर ती पहिल्यांदा कुणाशी तरी बोलली होती. मी मात्र मनात म्हटलं की या माणसाला सुतकाच्या घरात पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जगन्नाथ पष्टे मूळचा शहापूरकडचा, डोळखांबच्या डोंगरातला. मुरबाड तालुक्यात म्हशाच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात तो पशुधन पर्यवेक्षक होता. म्हणजे सरकारी कागदावर डॉक्टर नव्हे. पण खरा डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा आणि गायी काही महिन्यातून एकदाच आजारी पडत नाहीत. त्यामुळे तीस-चाळीस पाड्यांचा डॉक्टर तोच. मी पोस्टमास्तर. पोस्ट आणि दवाखाना एकाच चाळवजा इमारतीत, मध्ये विटेची एक भिंत. माझ्याकडून शिक्क्यांचा आवाज त्याच्याकडे जाई, त्याच्याकडून फिनेलचा वास माझ्याकडे येई.

हा रोग त्याला माझ्याकडूनच लागला, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या शाळेचे एक हेडमास्तर बदलून गेले आणि त्यांच्या नावाने येणारं एक विज्ञानाचं मासिक मागे येत राहिलं. नियमाप्रमाणे मी ते परत पाठवायला हवं होतं. मी आळस केला आणि पष्टेला वाचायला दिलं. त्यातल्या एका लेखात लिहिलं होतं की पृथ्वीवर आजवर पाच वेळा बहुतेक सगळं जिवंत मरून गेलेलं आहे. दुसऱ्या माणसाने हे वाचून पान उलटलं असतं. पष्टेने दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खिडकीत तोंड घालून विचारलं, "मास्तर, पाच वेळा. आनि आपल्याला कोनी कळवलं नाय?"

तेव्हापासून लोक त्याला पाचमरणे डॉक्टर म्हणू लागले. आडनाव म्हणून ते इतकं बेमालूम बसलं की एकदा तर एका शेतकऱ्याचं "श्री. पाचमरणे साहेब" असं पत्र आलं आणि मी ते न अडखळता त्याच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शवविच्छेदनाच्या छापील फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो: मृत्यूचे कारण. पष्टेचा सगळा जीव त्या रकान्यात. "कारणाशिवाय मयत नाय," असं तो दिवसातून दहा वेळा म्हणे. ती पाच मरणंसुद्धा त्याने ढोरांच्या आजारांसारखी तपासून ठेवली होती. पहिल्यांदा पृथ्वीला थंडी बाधली. दुसऱ्यांदा पाण्यातच दम कोंडला. तिसऱ्यांदा सायबेरियात जमीन फाटली, हवा नासली, आणि ताप चढला तो उतरेचना. चौथ्यांदा पुन्हा जमीन फाटली. हे सगळं तो गाय गाभण आहे की नाही हे बघताना, खांद्यापर्यंत हात आत घालून सांगायचा. गायवाला बिचारा दोर धरून "हो डॉक्टर, हो डॉक्टर" करायचा.

पाचव्या मरणावर मात्र त्याचं अडायचं. साडेसहा कोटी वर्षांमागे डायनासोर गेले, ते आभाळातून धोंडा पडला म्हणून गेले की आपल्या या सह्याद्रीच्या लाव्हामुळे गेले, यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण होतं. माळशेज घाटातून आणलेला एक काळा दगड पष्टेने टेबलावर ठेवला होता. लसीकरणाचे कागद उडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होई, पण त्याचं नाव होतं आरोपी नंबर दोन. मुरबाडहून जीपने येताना शेजारी मुंबईचे सहलवाले बसले असले, तर हा त्यांना माळशेजकडे बोट दाखवून शांतपणे सांगे की, ज्या कड्याखाली तुम्ही भिजायला चाललात त्याच्यावर खुनाचा संशय आहे. एका बाईंनी घाबरून विचारलं होतं, कधी झाला खून? साडेसहा कोटी म्हटल्यावर त्या बाई पुढच्या थांब्याला जीप बदलून गेल्या.

बायको शहापूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका. हा शनिवारी तिकडे जायचा. जेवताना एकही मरण काढायचं नाही असा तिचा नियम होता. त्यामुळे सोमवारी सकाळी सगळी तुंबलेली मरणं माझ्या वाट्याला येत.

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार असतो, आणि पशुसंवर्धनाचा एक मंडप असतो. एका वर्षी तिथे लाळ-खुरकताचा तक्ता लावायचं काम पष्टेकडे आलं. त्याने तक्ता उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत खडूने पाची मरणं काढली. साहेब आले आणि म्हणाले, "लाळ-खुरकत कुठंय?" पष्टे म्हणाला, "मागल्या अंगाला हाय, साहेब." साहेबांनी मंडपाच्या मागे जाऊन बघितलंसुद्धा.

त्या जत्रेत पाड्यावरचा एक म्हातारा बराच वेळ तक्त्यासमोर उभा होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "इतकी मेली, मंग साफ कोनी केली?"

हा प्रश्न पष्टेला इतका लागला की दुसऱ्या दिवशी तो मला ओढत ओढ्यापलीकडच्या माळावर घेऊन गेला. गावातली मेलेली ढोरं तिथे टाकत. नाकाला रुमाल लावून मी लांब उभा राहिलो. एक म्हैस पडलेली होती आणि तिच्यावर गिधाडांची झुंबड होती. साठ-सत्तर तरी असतील. पंख पसरून एकमेकांना ढकलत, फिसकारत, मान आत घालून बाहेर काढत होती. बघवत नव्हतं. पष्टेच्या चेहऱ्यावर मात्र आपल्या घरची पंगत बसल्यासारखं समाधान होतं. तासाभराने तिथे नुसता सांगाडा राहिला. तो म्हणाला, "मास्तर, मरण सगल्यांना खातं. ह्यांनाच तेवढं पचतं. सहावं आलं ना, तर ही राहतील."

मग दर रविवारी, शहापूरला गेला नाही तर, तो माळावर जाऊन गिधाडं मोजू लागला. मी त्याची थट्टा करायचो. माणसं मोर बघतात, पोपट पाळतात. ह्याला मिळालं काय तर गिधाड.

हे सगळं नव्वदीतलं. आता जे सांगायचं ते सांगताना मला थट्टा सुचत नाही.

आकडा कमी होऊ लागला. आधी त्यालाही वाटलं, दुसऱ्या माळावर जात असतील. मग एका वर्षी पंचवीस. मग दहा-बारा. उरलेली कड्याजवळच्या झाडांवर मान खाली टाकून बसलेली असत. दिवसच्या दिवस तशीच, देवळातल्या आजारी म्हाताऱ्यांसारखी. मग एकेक झाडाखाली पडलेलं सापडू लागलं. ढोरं मात्र मरतच होती, आणि माळावर कुजत होती. कुत्री वाढली, इतकी की पोरांना शाळेत सोडायला बाप्ये काठ्या घेऊन जाऊ लागले. गावाला कुत्र्यांची काळजी. पष्टे एकटाच विचारत होता की हे झालं कशाने.

एक मेलेलं गिधाड त्याने गोणपाटात गुंडाळून आणलं आणि दवाखान्याच्या ओट्यावर फाडलं. माझ्याकडे मनीऑर्डरीची रांग होती ती वासाने पाच मिनिटांत पांगली. मी भांडायला गेलो, तर तो हातातलं काळीज माझ्यापुढे धरून उभा. काळजावर, आतड्यांवर, सगळीकडे चुना फासल्यासारखा पांढरा थर होता. "असा रोग मी बगितला नाय," तो म्हणाला. "उपासानं नाय, गोळी नाय, विजेच्या तारंनं नाय. आतूनच काय तरी झालं." त्या दिवशी शवविच्छेदनाचा फॉर्म भरताना त्याने पहिल्यांदा कारणाचा रकाना रिकामा सोडला.

त्यानंतर तीन वर्षं त्याने पत्रं लिहिली. कॉलेजांना, पक्षी अभ्यासणाऱ्या मंडळांना, पेपरांना, वरच्या साहेबांना. प्रत्येक पत्रात तो पांढरा थर, ती लोंबलेली मान, आणि शेवटी एकच ओळ: कारण कळवावे ही विनंती. पत्रावर शिक्का मीच मारायचो. कोटी वर्षांच्या मरणांबद्दल तो आता बोलतच नसे. आरोपी नंबर दोन खिडकीखाली पडलेला असे. मी एकदा मुद्दाम विषय काढला, तर म्हणाला, "ती मेली तेव्हा मी नव्हतो, मास्तर. ही माज्या डोल्यासमोर चाललीत."

उत्तर आलं ते उन्हाळ्यात, भर दुपारी. मुंबईच्या कुणा पक्षीवाल्या गृहस्थाचं जाड पाकीट होतं. आत दोन ओळींचं पत्र आणि इंग्रजी पेपरातलं एक कात्रण. पष्टेचं इंग्रजी औषधांच्या लेबलापुरतं, म्हणून त्याने मलाच वाचायला सांगितलं. खुशीत होता. शर्टाची बटणं लावून, खुर्ची ओढून समोर बसला.

मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. शेजारच्या देशात शोध लागला होता. गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडतात. लघवीतून जायचा तो क्षार अंगातच साठतो, तोच तो पांढरा थर. पष्टे मान डोलवत होता, हां, हां, बरोबर. पुढे मी वाचलं की जनावरांना दुखण्यावर एक औषध देतात. ते दिलेलं ढोर एक-दोन दिवसांत मेलं तर औषध मांसात राहतं, आणि गिधाडांना तेवढंसुद्धा सोसत नाही. औषधाचं नाव मी मोठ्याने वाचलं.

पष्टेची मान थांबली. त्याने ते नाव परत वाचायला सांगितलं. मी वाचलं. तो उठला, भिंतीपलीकडे गेला आणि एक बाटली घेऊन आला. कात्रण टेबलावर सपाट केलं, बाटली त्याच्या शेजारी ठेवली, आणि लेबलावरचं एकेक इंग्रजी अक्षर बोटाने कात्रणातल्या अक्षराशी लावून बघू लागला. शेवटच्या अक्षरापर्यंत गेला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. ढोर वाचणार नाही असं दिसलं की बाकीचे लोक हात झटकतात. पष्टे तसं करत नसे. ते औषध नवीन आलं तेव्हापासून तो मरायला टेकलेल्या प्रत्येक जनावराला त्याची सुई देई. बरं करायला नव्हे, जाताना दुखू नये म्हणून. रात्र-पाऊस न बघता सायकल मारत पाड्यावर जाई, सुई देई, आणि ढोर शांत होईपर्यंत त्याच्या मानेवर हात ठेवून बसे. आमच्या कपिला गायीलाही त्यानेच अशी सुई दिली होती. तिचं हंबरणं थांबलं तेव्हा आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली होती. आणि दुसऱ्या दिवशी कपिलेला आम्ही माळावर नेऊन टाकलं होतं.

मी म्हटलं, "अरे, सगळ्या देशात देतात हे औषध. तू एकट्याने काय केलंस?"

"देशाचं देशानं बगावं," तो म्हणाला. "ह्या माळावर ताट मीच वाढलं. रोगानं पटकन मेली ती ढोरं चांगली होती, मास्तर. माज्या हातची तेवढी विषाची." कात्रण दुमडत तो म्हणाला, "साठ-सत्तर होती."

मला त्याला धीर द्यायचा होता. पोस्टात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला चार शब्द यायला हवेत. मी उगाच शिक्क्याची शाई तपासत बसलो.

त्याने बाटल्या कुलपात टाकल्या. वर अर्ज केला. पुढे काही काळाने सरकारने ते औषध जनावरांसाठी बंदच केलं, पण ते पुढे. दुसरं एक औषध निघालं आहे, गिधाडांना त्रास न होणारं, असं त्याच गृहस्थाने कळवलं होतं. आमच्याकडे ते पोचलं नव्हतं. मधल्या काळात पष्टे नुसत्या पिशवीनिशी पाड्यांवर जात होता आणि लोकांना वाटत होतं की डॉक्टर बदलला.

अशात ठमीबाय आली. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीतली, सत्तरीची, एकटी. तिचा म्हातारा बैल कड्यावरून घसरून पडला होता आणि कंबर मोडून दोन दिवस ओरडत होता. ओट्यावर बसून ती म्हणाली, "डागतर, सुई दे. त्याचा वरडना आयकवत नाय."

पष्टे म्हणाला, "सुई नाय, ठमीबाय."

तिला वाटलं, संपली असेल. तिने उद्या येऊ का विचारलं. त्याने पुन्हा नाही म्हटलं. मी त्याला बाजूला घेतलं आणि चिडूनच बोललो की, सुई दे आणि मेल्यावर पुरून टाकू, माळावर न्यायलाच नको. तो म्हणाला, "पुरनार कोन? वाडी वीटभट्टीवर गेलीय. राहिलीत चार म्हातारी. खाली नुसता कातळ हाय, बैलाएवढा खड्डा व्हईल का? दोन हात खनतील आनि वरून पाला टाकतील. कुत्री उकरतील. मग कोन येऊन बसलं त्यावर, तर?"

"कोण येणार आहे?" मी म्हणालो. "दोन वर्षांत एक तरी गिधाड बघितलंस का?"

त्याने कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला तुमच्याकडं ठेवा, आणि ठमीबायबरोबर चालू लागला. मला राहवेना. पोस्ट बंद करून मीही गेलो.

पष्टेने बैलाचं डोकं मांडीवर घेतलं. निर्गुडीचा पाला गरम करून ठमीबाय आणून देई, तो कंबरेवर शेकत राही. हाताने माशा वारी. पाण्यात भिजवलेलं फडकं तोंडात पिळी. बैल ओरडतच होता. त्याला कशानेही काही उतार पडत नव्हता, आणि हे पष्टेला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. ठमीबाय मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यो असा निर्दय नव्हता रे." पष्टेने ते ऐकलं. मान वर केली नाही, शेकणं थांबवलं नाही. माझ्या शर्टाच्या खिशात किल्ली होती. ती काढून धावत खाली जावं असं मला किती वेळा वाटलं, ते मी मोजलं नाही. उन्हं उतरायच्या सुमारास बैल गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यावरून बैलजोडी आणून मेलेला बैल माळापर्यंत ओढत नेला. दुपारी मी गेलो तर पष्टे एका धोंड्यावर बसलेला, हातात काठी. कुत्री जवळ आली की उठून हाकलायचा, पुन्हा बसायचा आणि आभाळाकडे बघायचा. संध्याकाळी तसाच. पुढच्या दिवशी तसाच. बैल फुगला होता. वास गावापर्यंत येत होता. लोक म्हणाले डॉक्टरच्या डोक्यात फरक पडला.

तिसऱ्या दिवशी मी त्याला न्यायला गेलो तेव्हा ठमीबाय माझ्या आधीच आली होती. फडक्यात नाचणीची भाकर बांधून आणली होती. ती त्याच्यापुढे ठेवून उभ्याउभ्याच तिने विचारलं, "माज्या बैलाला इतका रडवलास, तो कोनासाठी?"

पष्टेने काठीने वर दाखवलं. ठमीबायने कपाळावर हात धरला आणि डोंगरापासून डोंगरापर्यंत सगळं आभाळ सावकाश बघून घेतलं.

"तिथं तर कोन नाय," ती म्हणाली.

"हो," पष्टे म्हणाला. "त्यांच्यासाठीच."

ठमीबाय त्याच्या शेजारी खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिने त्याच्या हातात दिला, आणि तीही वर बघू लागली.